मोराच्या मानेवरची पांढरी रेघ: व्हेक्टर चित्रातल्या फटी कशा बुजवाव्यात

चित्र पूर्ण झालं, रंग भरून झाले, फाइल पाठवण्याआधी शेवटचं एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून बघितलं आणि मोराची मान जिथे पंखाला टेकते तिथे केसाएवढी पांढरी रेघ दिसली. झूम केलं तर गेली. परत मागे आलं तर हजर. व्हेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-वळणांच्या आकारांनी बनणाऱ्या चित्रात, काम करणाऱ्या प्रत्येकाला ही रेघ भेटते, आणि कुणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं: "त्याच रंगाची आउटलाइन देऊन टाक सगळ्याला." हा सल्ला मीही सुरुवातीची काही वर्षं पाळला. त्याने मोराची चोच बोथट होते, डोळ्याभोवतीची बारीक जागा भरून जाते आणि दुखणं जागच्या जागी राहतं. म्हणून जे खरोखर उपयोगी पडतं ते लिहिते आहे.

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवली आहे, ग्रुप आणि लेयर कुठे काय आहेत हे ठाऊक आहे, असं धरून चालते. सांगताना इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमधली नावं वापरते, कारण ते फुकट आहे आणि कुणीही उघडून करून बघू शकतं. इलस्ट्रेटर आणि कोरलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन. उदाहरण म्हणून पैठणीच्या पदरावरचा मोर घेऊ: हिरवी मान, जांभळा पंख, सोनेरी पिसारा, सगळे सपाट रंग, लग्नपत्रिकेवर छापायचा.

पहिलं काम: फट खरी आहे की खोटी, ते ओळखा

याच पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे आणि याच पायरीबद्दल कुणी काही सांगत नाही. फटी दोन जातींच्या असतात. खरी फट म्हणजे दोन आकारांच्या कडा खरोखरच एकमेकींना टेकलेल्या नाहीत, मध्ये मोकळी जागा आहे. खोटी फट म्हणजे कडा तंतोतंत जुळलेल्या आहेत, नोडवर नोड (आकाराची कड ज्या बिंदूंनी ठरते ते) बसलेला आहे, तरीही पडद्यावर रेघ दिसते.

खोटी फट का दिसते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. पडद्यावरचा एक पिक्सेल घ्या. मान आणि पंख यांची सीमा बरोबर त्याच्या मधून जाते आहे. म्हणजे अर्धा पिक्सेल हिरवा, अर्धा जांभळा, पांढऱ्याला तिथे जागाच नाही. पण सॉफ्टवेअर दोन्ही आकार एकदम रंगवत नाही, एकामागून एक रंगवतं. आधी पंख येतो. तो निम्म्या पिक्सेलवर आहे, म्हणून निम्मा जांभळा आणि निम्मा कागदाचा पांढरा असा मिसळलेला फिकट जांभळा त्या पिक्सेलमध्ये भरला जातो. आता त्या पिक्सेलमध्ये जांभळा कोणत्या बाजूला होता आणि पांढरा कोणत्या, ही नोंद कुठेच उरली नाही. मग मान येते. तीही निम्म्या पिक्सेलवर आहे, म्हणून ती त्या फिकट जांभळ्याचा निम्मा भाग झाकते. पांढरा ५० टक्के होता, त्यातला निम्मा झाकला गेला, २५ टक्के उरला. हाच तो पाव हिस्सा पांढरा, आणि तो सीमेवरच्या पिक्सेलमागून पिक्सेल उरत गेला की आपल्याला सलग रेघ दिसते.

पारदर्शकतेचं हे गणित १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या लुकासफिल्ममधल्या दोघांनी मांडलं आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअर त्याच वाटेने जातात. एका पिक्सेलचा किती भाग झाकला एवढंच त्यात मोजलं जातं, कोणता भाग झाकला हे नाही. म्हणून आडव्या-उभ्या कडा पिक्सेलच्या रेषेवर बरोबर बसल्या की रेघ दिसत नाही, आणि तिरकी किंवा वळणदार कड आली की दिसते. मोराच्या अंगावर सरळ कड एकही नसते, त्यामुळे त्याच्यावर सगळीकडे दिसते.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा एका पत्रिकेच्या मोरावर मी अख्खी रात्र काढली. पिसाऱ्याचं एकेक पीस उघडून नोडवर नोड बसवत होते, स्नॅप चालू होतं, आकडे दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत जुळत होते, आणि रेघ जशीच्या तशी. पहाटे चारला मला वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलं आहे. बिघडलं काहीच नव्हतं. जुळलेल्या कडा मी पुन्हा पुन्हा जुळवत बसले होते.

त्यानंतर मी उलटी चूक केली आणि ती जास्त महागात पडली. खोट्या रेघा छापताना बहुधा येत नाहीत हे कळल्यावर मी रेघांकडे बघणंच सोडलं. एका मोरात पंख आणि पिसारा यांच्यामध्ये ०.०५ मिलिमीटरची खरी फट राहिली होती. पत्रिकेवर मोर ९ सेंटीमीटरचा होता, तिथे ती कुणाच्या लक्षात आली नाही. मग त्याच घरच्यांनी तोच मोर मांडवाच्या फ्लेक्सवर १० फुटांचा करायला सांगितला. १० फूट म्हणजे ३०५ सेंटीमीटर, म्हणजे मोर सुमारे ३४ पट झाला, आणि फटही ३४ पट झाली: १.७ मिलिमीटर. मांडवाच्या दारात उभं राहून मला ती रेघ दुरूनच दिसली.

ओळखायची रीत सोपी आहे. झूम वाढवत जा: १०० टक्के, ८००, ६४००. खरी फट झूमबरोबर रुंद होत जाते. खोटी फट कितीही जवळ गेलात तरी पडद्याच्या एका पिक्सेलएवढीच राहते, कधी फिकट होते, कधी दिसेनाशी होते. शंका राहिली तर आउटलाइनचं दृश्य लावा, म्हणजे रंग जाऊन फक्त कडा दिसतील. इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि नंबर पॅडवरचा ५ दाबत राहिलं की दृश्यं बदलतात, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय, कोरलमध्ये व्ह्यू मेनूतलं वायरफ्रेम. तिथे दोन रेषांमध्ये जागा दिसली तर फट खरी, एकच रेष दिसली तर खोटी.

आणखी एक करा. सगळ्यांच्या खाली एक मोठा चौकोन ठेवा आणि त्यात झगझगीत राणी रंग भरा. पांढऱ्यावर पांढरी फट डोळ्याला चुकते, राणी रंगावर चुकत नाही. माझ्या प्रत्येक फाइलमध्ये हा चौकोन एका वेगळ्या लेयरवर असतो, आणि फाइल पाठवताना तो लेयर मी काढून टाकते.

पीडीएफमध्ये रेघा दिसत असतील तर ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली स्मूद लाइन आर्ट नावाची खूण आहे, ती काढून बघा. रेघा गेल्या तर त्या खोट्या. ग्राहकाला फोनवर हे समजावता येत नाही, त्यामुळे दाखवण्यासाठी त्याला पीडीएफऐवजी चांगल्या मापाची पीएनजी पाठवा.

दोन्हींवरचा इलाज बराचसा एकच: माया ठेवा

मग ओळखायची एवढी खटपट कशाला, असं विचाराल. कारण उद्या सकाळी छपाईला जायचं आहे आणि पन्नास रेघा दिसताहेत, तेव्हा त्यातल्या कोणत्या तीन आज रात्री दुरुस्त केल्याच पाहिजेत हे कळायला हवं. शिवाय इलाज करताना एक पायरी खऱ्या फटीला चालत नाही. ती पुढे सांगते.

शिवणकाम करणाऱ्या बायका कापड कापताना शिलाईपलीकडे थोडं जास्त कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. व्हेक्टरमध्ये नेमकं तेच करायचं. दोन आकार कडेला कड लावून ठेवायचेच नाहीत. एक वर, दुसरा त्याच्या खाली शिरलेला. खालच्याची माया वरच्याखाली झाकली जाते, आणि सीमेवरच्या पिक्सेलमध्ये कागदाचा पांढरा यायला वावच राहत नाही, कारण तिथे खालचा रंग पूर्ण भरलेला असतो.

पैठणीचा विणकरही हेच करतो. हिरव्या धाग्याचा भाग संपून जांभळा सुरू होतो तिथे तो दोन्ही रंगांचे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवतो. नुसते शेजारी शेजारी सोडले असते तर कापडात उभी चीर पडली असती. पदर उलटा करून बघा, मागूनही जोड दिसत नाही.

आधी ठरवा कोण वर आणि कोण खाली. नियम एकच: ज्याची कड डोळ्याला महत्त्वाची, तो वर. मानेचा बाक हा मोराचा जीव आहे, म्हणून मान वर आणि पंख खाली. पंख आणि पिसारा यांत पंख वर. डोळा सगळ्यात वर, आणि डोळ्यासाठी मानेला भोक पाडायचं नाही. ही भोकं पाडायची सवय मोडा. कोरलमधलं सिम्प्लिफाय आणि इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधलं ट्रिम किंवा डिव्हाइड नेमकं हेच करतात: झाकलेला भाग कापून टाकतात आणि सगळे तुकडे फरशीसारखे कडेला कड लावून ठेवतात. फाइल नीटनेटकी दिसते, आणि प्रत्येक जोडावर एक फट तयार होते. फक्त डोळ्यांना दिसत नाही म्हणून खालचा भाग कापू नका.

आता माया द्यायची. नोड टूल घ्या, पंखाच्या कडेवरचे फक्त तेच नोड निवडा जे मानेला टेकतात, आणि ते मानेच्या आत ओढा. किती ओढायचे याची फार काळजी नको, ते झाकलेच जाणार आहेत. छापील मापात एक-दोन मिलिमीटर असले तरी पुरे, पडद्यासाठी दोन-तीन पिक्सेल. पण दोन कोपऱ्यांकडे लक्ष द्या: जिथे मान आणि पंख यांची सीमा संपून बाहेरची कड सुरू होते तिथला नोड जागेवरून हलवू नका. त्याच्या शेजारी कडेवर एक नवा नोड घाला आणि तो आत ओढा. कोपऱ्याचाच नोड ओढलात तर पंखाचा बाहेरचा आकार बदलतो, आणि ते लक्षात येतं ते छापून आल्यावर.

नोड फार असतील, म्हणजे पिसाऱ्याच्या लाटांसारखी कड असेल, तर हाताने ओढत बसू नका. पंखाची प्रत काढा, पाथ मेनूतून आउटसेट द्या, म्हणजे तिची कड सगळीकडून बाहेर वाढेल. इंकस्केपमध्ये एका वेळी किती वाढायचं ते प्रेफरन्सेसमधल्या स्टेप्समध्ये ठरवता येतं, तिथे तुम्हाला हवं ते माप टाका. आता मानेची एक प्रत काढा, आणि वाढलेला पंख आणि मानेची प्रत यांचं इंटरसेक्शन, म्हणजे दोन्हींचा सामाईक भाग, घ्या. हाती येते ती मानेच्या आत बसणारी एक पातळ पट्टी. तिला मूळ पंखाचा रंग द्या, पंखाशी युनियन करा (म्हणजे दोन्हींचा एकच आकार होतो), आणि मान पंखाच्या वर आणा. पंखाची बाहेरची कड जागेवर राहते आणि माया फक्त हवी तिथे मिळते.

हीच ती पायरी जी खऱ्या फटीला चालत नाही. खऱ्या फटीत मोकळी जागा पंखातही नसते आणि मानेतही नसते. इंटरसेक्शन मानेच्या हद्दीत थांबतं, म्हणून पट्टी तयार होते पण फट तशीच उघडी राहते. अशी पट्टी लावून, खुश होऊन फाइल बंद केलेली मी स्वतः आहे. खरी फट असेल तर नोड हाताने ओढा. नाहीतर इंटरसेक्शनच्या आधी मानेच्या प्रतीलाही थोडा आउटसेट द्या, म्हणजे तिची हद्द फटीच्या पलीकडे जाईल.

आउटलाइन देण्याच्या सल्ल्याबद्दल आता पुरतं सांगते. आउटलाइन कडेच्या दोन्ही बाजूंना वाढते, म्हणून आकार जाड होतो. कोपरा टोकदार असेल तर तिथे काट्यासारखं टोक बाहेर येतं. चित्र मोठं करताना आउटलाइन सोबत वाढवायची खूण बंद असेल तर १० फुटांच्या फ्लेक्सवर ती पत्रिकेवरच्या जाडीचीच राहते आणि काहीच झाकत नाही. एकच जागा आहे जिथे मी ती वापरते: फक्त खालच्या आकाराला, फक्त तो चारी बाजूंनी दुसऱ्या आकारांनी झाकलेला असेल तर, जोड गोल ठेवून, आणि लगेच स्ट्रोक टू पाथ करून (म्हणजे आउटलाइनचाच आकार बनवून) मूळ आकाराशी युनियन करून. म्हणजे शेवटी ती आउटलाइन राहतच नाही.

अँटी-अलायझिंग (कडेच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळून कड मऊ दाखवणं) बंद करा, एसव्हीजीमध्ये क्रिस्प एजेस लिहा, असंही सांगणारे आहेत. आलेखाच्या चौकोनी खांबांना ते ठीक आहे. मोराच्या मानेला दिलंत तर बाक पायऱ्यांसारखा दिसतो. चौपट मापात एक्स्पोर्ट करून मग लहान केल्याने रेघ फिकट होते, जात नाही.

आकार अर्धपारदर्शक असतील तर मात्र थांबा. तिथे माया ठेवली की जोडावर गडद पट्टा दिसतो, कारण दोन्ही रंग एकावर एक चढतात. उपाय असा: सगळे आकार पूर्ण भरीव करा, माया ठेवा, मग त्यांचा ग्रुप करून पारदर्शकता ग्रुपला द्या. आकारांना वेगवेगळी द्यायची नाही.

अस्तर

तीन-चार आकार एका बिंदूवर मिळतात तिथे माया देऊनही टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहू शकतं. पिसाऱ्याच्या बुंध्याशी तर नेहमीच. तिथे मी अस्तर घालते. सगळ्या मोराची प्रत काढा, युनियन करा, एकच सलग आकार होईल. मध्ये बारीक भोकं उरली असतील तर ती पुसा. हा आकार सगळ्यांच्या खाली ठेवा. रंग द्या तो शेजारच्या रंगांपैकी एक किंवा त्यांच्या मधला: पिसाऱ्याखाली गडद सोनेरी, मानेकडे हिरवा. जोडावर जो पाव हिस्सा पांढरा दिसत होता तो आता अस्तराचा दिसेल, आणि रंग जवळचा असल्याने डोळा तो धरत नाही.

एक खबरदारी इथे सक्तीची आहे. अस्तर सगळीकडून थोडं आत ओढा, एखादा पिक्सेल इनसेट द्या. न दिल्यास मोराच्या बाहेरच्या कडेवर अस्तराच्या रंगाची बारीक किनार दिसते, कारण तिथेही दोन कडा तंतोतंत एकमेकींवर बसतात आणि वर सांगितलेलं गणित लागू होतं. ब्लाउजचं अस्तर गळ्यातून बाहेर डोकावतं तसंच ते दिसतं.

शेकडो तुकड्यांचं चित्र असेल, घाई असेल आणि चित्र फक्त पडद्यावर जाणार असेल तर नुसतं अस्तर घाला आणि माया सोडून द्या. छपाईला जाणार असेल तर माया आधी, अस्तर नंतर.

ट्रेस केलेलं चित्र असेल तर

ट्रेस म्हणजे पिक्सेलच्या चित्रावरून सॉफ्टवेअरकडून व्हेक्टर आकार बनवून घेणं. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये अनेक रंगांचं ट्रेसिंग करताना स्टॅकची खूण चालू ठेवा. इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये मेथडखाली ॲबटिंग आणि ओव्हरलॅपिंग असे दोन पर्याय असतात, त्यातला ओव्हरलॅपिंग घ्या. दोन्हींत थर एकाखाली एक जातात आणि माया आपोआप मिळते. इंकस्केपच्या रंग ओतायच्या बादलीने भरलं असेल तर ग्रो बायमध्ये एक-दोन पिक्सेल द्या, नाहीतर भरलेला रंग रेषेपर्यंत पोचत नाही.

अक्षरं आणि रेडियम: इथे नियम उलटा

आपल्याकडे अर्धी कामं अक्षरांची असतात, आणि देवनागरीत फटीचा एक खास प्रश्न आहे तो शिरोरेषेचा. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेने जोडलेली. फॉन्ट बनवणारे अक्षराची शिरोरेषा थोडी पुढे काढून शेजारच्या अक्षरात शिरवतात, म्हणजे तिथेही माया ठेवलेलीच असते. पण तुम्ही अक्षरांतलं अंतर वाढवलंत की शिरोरेषा तुटते. म्हणून देवनागरी शब्दाला अंतर वाढवून रुंद करू नका. रुंद हवा असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट निवडा.

अंतर द्यावंच लागलं, किंवा कर्व्ह केल्यावर (अक्षरांचे आकार बनवल्यावर) फट दिसली, तर शिरोरेषेच्या जाडीएवढी एक लहान पट्टी काढा, वरची आणि खालची कड स्नॅप करून जुळवा, दोन्ही अक्षरांत थोडी शिरवा आणि युनियन करा. पट्टी फक्त त्या दोन अक्षरांमध्येच. अख्ख्या शब्दावर एक लांब पट्टी कधीही टाकू नका. भ आणि ध यांच्या माथ्यावर डाव्या बाजूला जी मोकळी जागा असते, ती फट नाही, ते अक्षर आहे. ती भरलीत की भ चा म होतो आणि ध चा घ. एका घराच्या दारासाठी रेडियममध्ये, म्हणजे कापून चिकटवायच्या स्टिकरमध्ये, "शुभ विवाह" कापायचं काम होतं. शिरोरेषा दोन ठिकाणी तुटली होती, वेळ नव्हता, मी वरून एक पट्टी ओढून दिली. कापून, चिकटवून झाल्यावर घरातल्या आजींनी वाचलं: "शुम विवाह." मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी ते सोलून परत कापलं. तेव्हापासून पट्टी टाकल्यावर मी शब्द मोठ्याने वाचते, अक्षर अक्षर.

आता रेडियमसाठी उलटा नियम. कटिंग प्लॉटरला रंग कळत नाही, त्याला फक्त रेषा कळते आणि जिथे रेषा असेल तिथे पातं फिरतं. माया ठेवून एकावर एक ठेवलेले आकार पाठवलेत तर पातं झाकलेल्या कडेवरही फिरेल, आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या जोडावर कापली जाईल. चिकटवताना एकेक अक्षर सुटं होऊन निघतं. म्हणून एका रंगाचं सगळं युनियन करा, कोरलमध्ये वेल्ड, आणि मग आउटलाइनच्या दृश्यात तपासा: आत एकही रेष दिसता कामा नये. दोन रंगांचं रेडियम असेल तर प्रत्येक रंग वेगळ्या फाइलमध्ये, आणि खालच्या रंगाला माया ठेवूनच. तो चिकटवतानाही खालीच जातो.

छपाईची तिसरी फट

एक फट फाइलमध्ये नसते, मशीनवर तयार होते. ऑफसेटमध्ये चार शाईंच्या चार प्लेट असतात, कागद थोडा सरकला की हिरवा आणि जांभळा यांच्यामध्ये कागदाचा पांढरा उघडा पडतो. इथे तुमची माया कामाला येत नाही. प्लेट तयार होताना वरच्या आकाराखालचा रंग साफ कापला जातो, म्हणजे माया फाइलमध्ये असली तरी प्लेटवर नसते. यावरचा इलाज ट्रॅपिंग, म्हणजे शेजारचे दोन रंग मुद्दाम थोडे एकमेकांवर चढवणं, साधारण पाव पॉइंटचं, म्हणजे ०.०९ मिलिमीटरच्या आसपास. ते प्रेसवाल्यांना त्यांच्या मशीनप्रमाणे करू द्या. तुम्ही केलंत आणि त्यांनीही केलं तर कडा गडद होतात.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे ती म्हणजे रंगांची निवड. शेजारच्या दोन रंगांमध्ये एखादी शाई समान ठेवा. हिरव्यात सायन (आकाशी निळी शाई) आहे, जांभळ्यातही सायन आहे, तर कागद सरकला तरी जोडावर सायन दिसेल, पांढरा नाही. पत्रिकांमधला लाल आणि हिरवा मात्र वाईट जोडी आहे: हिरव्यात सायन, लालात मॅजेन्टा (गुलाबी शाई), समान फक्त पिवळा, आणि तो कमी असेल तर फट लख्ख दिसते.

स्क्रीन प्रिंटिंगला देत असाल तर माया स्वतः ठेवा आणि किती ते छापणाऱ्याला विचारून घ्या, कापडावर ती कागदापेक्षा बरीच जास्त लागते. फिकट रंग गडदाखाली जातो. उलटं केलंत तर गडदाची माया फिकटातून दिसते.

फाइल पाठवताना

एसव्हीजी वेबसाइटसाठी लहान करणारी साधनं आकड्यांची दशांश स्थानं कमी करतात. चित्र २४ एककांच्या चौकटीत काढलेलं आयकॉन असेल आणि एकाच दशांशावर आणलंत, तर प्रत्येक नोड ०.०५ एककांपर्यंत सरकू शकतो आणि जुळलेल्या कडांमध्ये खऱ्या फटी तयार होतात. माया ठेवलेली असेल तर त्या झाकल्या जातात. स्थानं तीनच्या खाली नेऊ नका आणि लहान केलेली फाइल मूळ फाइलवर कधी सेव्ह करू नका.

पीडीएफ पाठवताना जुन्या १.३ आवृत्तीत पारदर्शकता सपाट केली जाते आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. त्या तुकड्यांच्या जोडावर सरळ आडव्या-उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात. मोराच्या कडेशी त्यांचा काही संबंध नसतो, म्हणून त्या लगेच ओळखू येतात. नवी आवृत्ती चालेल का ते प्रेसला विचारा.

राणी रंगाचा चौकोन काढा. मग एकाच मोराच्या तीन फाइल ठेवा आणि नावातच लिहा: छपाई, पडदा, कटिंग. छपाईची माया आणि अस्तर असलेली, पडद्याची अस्तराची, कटिंगची सगळं युनियन केलेली. सहा महिन्यांनी तेच घर बारशासाठी तोच मोर मागायला येतं, आणि तेव्हा प्लॉटरला छपाईची फाइल गेली तर अख्खा रोल वाया जातो.